सिलोसायबिन, खर्रा आणि आमची अकरावीची बॅच

बायोवाली (धागाकर्ती)

मी नागपूरच्या प्रताप नगरात अकरावी-बारावीची जीवशास्त्राची ट्यूशन घेते. मागच्या आठवड्यात कवकांचा भाग चालू होता. अगॅरिकस, अस्टिलॅगो, पक्सिनिया, नेहमीचंच. मागच्या बाकावरच्या पोराने हात वर केला, "मॅडम, सिलोसायबी पण बॅसिडिओमायसेटीसमध्येच येते ना?" पुस्तकात हे नाव नाही. नशेसाठी खातात ते "मॅजिक मशरूम" हेच. वर्गात खसखस पिकली, आणि ज्या अर्थी ती सगळ्या बाकांवर एकदमच पिकली त्या अर्थी शब्द कोणालाच नवा नव्हता. "हो, येते," म्हटलं आणि पुढे सरकले.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही, तीन प्रश्न. मॅजिक मशरूमबद्दल काय माहीत आहे? कुठून कळलं? आणि सोबतच्या मित्राने असलं काही घेतलं आणि त्याची तब्येत बिघडली तर पहिलं काय कराल?

पहिल्या प्रश्नावर पोरं माझ्याही पुढे निघाली. शरीरात गेल्यावर त्यातल्या सिलोसायबिन या द्रव्याचं सिलोसिन होतं, हे बरोबर लिहिलेलं. अल्बर्ट हॉफमनने १९५८ मध्ये ते वेगळं काढलं आणि एलएसडीही त्याचाच, हेही एकाने लिहिलं. या मशरूमांसाठी नाव झालेलं कोडाईकनाल तर बऱ्याच चिठ्ठ्यांत. आणि त्याच चिठ्ठ्यांत, त्याच अक्षरात हे:

"नॅचरल आहे, केमिकल नाही, म्हणून सेफ."
"केरळमध्ये लीगल झालं."
"डिप्रेशनचं औषध आहे."
"ॲडिक्शन होत नाही म्हणजे ड्रग नाही."

कुठून कळलं? रील, पॉडकास्ट, गेम खेळतानाच्या गप्पा, "दादाच्या हॉस्टेलवरून". शाळा, आई, बाबा हे शब्द कुठेच नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं: "लिंबूपाणी पाजू." "झोपवून ठेवू, उतरेल." "टेरेसवर नेऊ." "घरी नाही सांगणार." आणि एक, बारीक नीटस अक्षरात: "आधी त्याचा फोन स्विच ऑफ करू, म्हणजे आईचा कॉल येणार नाही."

१०८ एकाही चिठ्ठीत नाही.

मुलांना नावं किती माहीत आहेत यावर कपाळ बडवून घेण्यात मला अर्थ वाटत नाही, ती घडी गेली. मला त्या स्विच ऑफ केलेल्या फोनची भीती वाटते. त्याचं काय करायचं, यावर बोला. "मोबाइल काढून घ्या" सोडून.

सदरचा संत्रेवाला

मोबाइल काढून घ्या. 😀

मस्करी सोडा, पण ताई, नागपुरात मशरूम विकून कोण राहिलं? पेपरात रोज एमडी (मेफेड्रोन पावडर) असते. गांजा रेल्वेने येतो, स्टेशनवर बेवारस बॅगा सापडतात, तेही माहीत आहे. हे मशरूम-बिशरूम म्हणजे मोठ्या घरच्या पोरांचे चोचले. अकरावीच्या पोरांनी फक्त रील पाहिली असेल.

बायोवाली

बहुतेकांनी फक्त रीलच पाहिली असणार, मान्य. पण "नॅचरल म्हणजे सेफ" हे डोक्यात बसलं की ते गांजालाही लागू होतं, आणि कोणी दिलेल्या गोळीलाही "मेडिकलवरची आहे, सेफ" लागू होतं. बारावीच्या पुस्तकात भ्रम निर्माण करणाऱ्या वनस्पतींत धोतरा दिलेला आहे. धोतरा अगदी नॅचरल, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो आपण. म्हणून घरातली आजी तो पोरांना तोंडात घालू देते का?

गोंदियाकर

मशरूम म्हटलं की आमच्याकडे सात्या. पाऊस लागला की वारुळाजवळ उगवतात, बाजारात वाटे करून येतात आणि भाव मटणाला मागे टाकतो. माझी आत्या जन्मभर सात्या वेचते, पण जिथे वारूळ नाही तिथल्या छत्रीला ती हात लावत नाही. ज्या जागेवरून तिच्या आईने वेचल्या, त्याच जागेवरून ती वेचते. बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या.

हे लिहायचं कारण, मला भीती वेगळीच आहे. पोरं विकत नाही घेणार, पण फोटोवरून "हीच ती" म्हणून सेमिनरी हिल्सवरनं नाहीतर बगिच्यातनं उचलून आणतील. पावसाळ्यात लॉनवर जी मोठी पांढरी छत्री येते ना, खाली जरा हिरवट छटा असलेली, ती क्लोरोफायलम. जगभरात उष्ण भागात लोक तीच खाऊन ओकत सुटतात. ती निदान लगेच तरी दणका देते. ज्यांच्यात अमॅटॉक्सिन असतं त्या खाल्ल्यावर सहा-बारा तास काही होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात बाधलं होतं, उतरलं. तोवर यकृत कामातून गेलेलं असतं. आसामात २०२२ मध्ये चहामळ्यांकडची माणसं रानातली अळंबी खाऊन गेली, ती खाण्यात मुरलेली माणसं होती. ॲपवर फोटो टाकून ओळख पटवणाऱ्यांनी हे वाचावं. लहान तपकिरी मशरूमांच्या बाबतीत तर अभ्यासकही सूक्ष्मदर्शकाशिवाय बोलत नाहीत.

निंबूसोडा

+१. सात्याच्या भाजीची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका.

धरमपेठ_१९७४

मला हा धागाच पटला नाही. तुम्ही चिठ्ठ्या वाटल्या, ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. आमच्या वेळी असले विषय निघतच नव्हते, म्हणून वाईट सवयीही कमी होत्या.

घोटून_दे

काका, तुमच्या वेळी विषय निघत नव्हता कारण खर्रा कोणी व्यसनात मोजतच नव्हतं. अजूनही नाही मोजून राहिलं कोणी. तुमच्या धरमपेठेच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर उभं राहून पाहा ना बे एकदा संध्याकाळी. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत गुंडाळून घास घास घासते, आणि घेणाऱ्याच्या पाठीवर शाळेची बॅग. २०१२ पासून गुटखा बंद आहे आपल्या राज्यात. १८ च्या खालच्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांत तर कोणालाच नाही, हा कायदा २००३ चा. कोणाला फरक पडून राहिला?

मी बारा वर्षांचा असताना मामाने स्वतः खर्रा आणायला पाठवला होता, वरच्या पैशात मला पण एक. आज माझं तोंड दोन बोटं उघडते. पाणीपुरी खाता येत नाही. मशरूमचं तुम्ही बोला, बोलायलाच पाहिजे. पण मामाने पाठवलं होतं हे पण लिहा कुठंतरी.

धरमपेठ_१९७४

विषयांतर होत आहे.

बायोवाली

नाही होत. मुलांचं म्हणणं नेमकं हेच आहे की मोठे कशावर ओरडतात आणि कशाला हसून सोडतात याला काही ताळमेळ नाही. घोटून_दे, लिहिल्याबद्दल आभार.

ओपीडी_सोमवार

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. नागपुरातच.

आधी प्रमाण लक्षात घ्या. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात एलएसडी, मशरूम वगैरे भ्रम निर्माण करणारे पदार्थ घेणारे ०.१२ टक्के. एकाच प्रकारात मुलं मोठ्यांच्या पुढे होती: हुंगायचे पदार्थ. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर. १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. माझ्या ओपीडीत मशरूमवाला मुलगा क्वचितच येतो. गांजावाला रोज येतो, एमडीवाला आठवड्याला, आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवणारे सगळ्या थरांतले.

आता मशरूम. सिलोसिन मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर जाऊन बसतं. परिणाम साधारण २० ते ४० मिनिटांत सुरू होतो आणि चार ते सहा तास राहतो. गांजा किंवा दारूसारखी त्याची चटक सहसा लागत नाही, हे मुलांचं म्हणणं खरं आहे. मी ते नाकारत नाही, कारण एक गोष्ट खोटी सांगितली की पुढच्या दहा खऱ्यांवरचा विश्वास उडतो. पण चटक न लागणं म्हणजे धोका नसणं नव्हे. त्या चार-सहा तासांत प्रचंड घाबरं होणं, कोणीतरी मारायला आलंय असं वाटणं, गच्चीवरून किंवा रस्त्यात धावत सुटणं हे होतं. आणि ज्याच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे, त्याला यातून मोठा आजार सुरू होऊ शकतो. आता सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या काकाला नेमकं काय झालं होतं हे माहीत असतं का? आपल्याकडे "त्यांचं डोकं जरा फिरलं होतं" यापलीकडे कोणी सांगत नाही. संशोधनातल्या चाचण्यांत मात्र असा कौटुंबिक इतिहास आधी विचारतात आणि अशा माणसाला बाहेर ठेवतात.

"डिप्रेशनचं औषध" हे अर्धंच खरं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१८ मध्ये त्यावरच्या संशोधनाला झुकतं माप दिलं, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते देता येतं. रुग्ण प्रौढ, मात्रा मोजलेली, जवळ प्रशिक्षित माणसं. फुटाळा तलावावर मित्रासोबत बसून खाणं हा उपचार नाही.

पोर्टलँडचा धंतोलीकर

मी ओरेगॉनमध्ये राहतो, जिथे "लीगल आहे" म्हणून पोरं बोट दाखवतात. लोकांनी २०२० मध्ये मतदान करून मान्यता दिली, केंद्रं सुरू झाली २०२३ मध्ये. वय २१ पूर्ण पाहिजे. परवानाधारक केंद्रात, परवानाधारक माणसासमोर घ्यायचं, परिणाम उतरेपर्यंत तिथेच बसायचं, पिशवीत घालून घरी आणता येत नाही. रीलमध्ये यातलं काही नसतं.

दुकानातल्या मालाचं म्हणाल तर २०२४ मध्ये इथे "मायक्रोडोसिंग"च्या (अगदी थोडी मात्रा घेण्याच्या) नावाखाली चॉकलेटं विकली जात होती. लोक आजारी पडून दवाखान्यात पोचले. तपासात मस्किमॉल निघालं. ते लाल टोपीच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या मशरूममधलं, सिलोसायबिनशी संबंध नाही. जून संपता संपता कंपनीने माल परत मागवला. सगळे नियम असलेल्या देशात पाकिटावर एक आणि आत एक निघालं, तर टेलिग्रामवरून मागवलेल्या पाकिटात काय असेल?

कोर्टकचेरी

केरळचं सांगतो, कारण हे माझ्या पुतण्यानेही मला ऐकवलं.

जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जामीन दिला. मुद्दा वजनाचा होता. मशरूम हे "मिश्रण" धरून अख्ख्या मशरूमचं वजन मोजायचं, की त्यातल्या सिलोसायबिनचं? न्यायालय म्हणालं, मशरूम मिश्रण नाही, आतल्या सिलोसायबिनचं प्रमाण बघा. त्यामुळे जप्त माल व्यापारी प्रमाणात बसत नव्हता आणि जामीन मिळाला. बातमीचा मथळा झाला "मॅजिक मशरूम अमली पदार्थ नाही" आणि मथळ्याची रील झाली. सिलोसायबिन आणि सिलोसिन दोन्ही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या यादीत होते आणि आहेत. थोडं जवळ बाळगलं तरी कलम २२ खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, घेतलं तर कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पालकांसाठी दोन गोष्टी. अठराच्या आतला मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो, नेहमीच्या कोर्टात नाही. आणि मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्याचं कलम ७८ मुलाच्या हातून माल पोचवणाऱ्यासाठी, शिक्षा तेवढीच. "जरा हे पाकीट त्या दादाला दे, पाचशे ठेव" म्हणणारा कुरिअरवाला नव्हे, गुन्हेगार आहे. मुलं इथेच फसतात.

मनीषनगरची आई

एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीत चार मुलांनी ऑनलाइन मागवलेलं काहीतरी चॉकलेट खाल्लं. तिघांना काही विशेष झालं नाही. चौथा थरथर कापायला लागला, घाम, "मी मरणार" असं सारखं म्हणत होता. बाकीच्यांनी त्याला पाण्याच्या टाकीमागे नेऊन बसवलं, अंगावर पाणी ओतलं, मग एकाने घरून ताक आणून पाजलं. उलटी झाली. नंतर तो बोलेनासा झाला. तरी कोणी खाली आलं नाही. शेवटी वॉचमनला दिसलं. मुलगा वाचला, आता ठीक आहे.

नंतर मी माझ्या मुलाला विचारलं, तू त्या चौघांत होतास, मला का नाही उठवलंस? म्हणाला, "तू आधी ओरडली असतीस, मग बाबांना फोन केला असता, मग त्याच्या आईला, आणि मग दवाखान्यात." क्रम त्याने बरोबर सांगितला होता. त्यावर मी काहीच बोलू शकले नाही.

आणि ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तिथे काउंटरवरच्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "पोलीस केस आहे का?" मुलाचे वडील तिथून परत फिरायला निघाले होते.

ओपीडी_सोमवार

हा प्रतिसाद छापून लावावा असा आहे. अशा वेळी काय करायचं ते सांगतो.

१०८ लावा किंवा रिक्षात घालून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं चोवीस तास उघडी आहेत. मुलाला एकटं सोडायचं नाही. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी, काहीही पाजायचं नाही आणि उलटी काढायची नाही. गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. शुद्धीत पण घाबरलेला असेल तर दिवे मंद, आवाज कमी, गर्दी हटवा, सावकाश बोला. पाकीट, उरलेला तुकडा, उलटीतला मशरूमचा तुकडा सोबत आणा. आणि डॉक्टरला खरं सांगा. "काहीतरी बाधलं" ऐकून आम्ही वेगळीच औषधं देतो.

सदरचा संत्रेवाला

पण साहेब, खरं सांगितलं की एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते. हे पण सांगा की मग. माणूस त्यालाच भिते.

कोर्टकचेरी

होते. विषबाधेच्या केसची दवाखाना नोंद करतो, पोलिसांना कळवतो. ते लपवून उपयोग नाही. पण एमएलसी म्हणजे तुमच्या मुलावर गुन्हा दाखल झाला असं नाही. चौकीतला माणूस येऊन जबाब घेतो, बहुतेक वेळा "कोणी दिलं" एवढंच त्याला हवं असतं. आणि नोंद नाही म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. काउंटरवरच्या माणसाने तो प्रश्न आधी विचारायलाच नको होता. एनडीपीएसचं कलम ६४ अ सांगून ठेवतो: व्यसन लागलेला माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर घेतल्याबद्दल किंवा थोडं जवळ बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जातं.

सदरचा संत्रेवाला

हे माहीत नव्हतं. कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो, इंग्रजीतल्या "वेक अप पॅरेंट्स"वाल्या फॉरवर्डपेक्षा बरं.

अकरावी_ब

मी मॅडमच्या बॅचमधला नाही, दुसरीकडे आहे, पण सोळा वर्षांचाच आहे.

शाळेत २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, आम्हाला हात पुढे करून शपथ देतात. मग एक सर स्लाइड दाखवतात, सडलेले दात, सुई टोचलेले हात. आमच्यातला जो गांजा ओढतो त्याचे दात एकदम छान आहेत. म्हणून सगळे हसतात. प्रश्न विचारला तर "तुला कशाला पाहिजे?" आणि घरी फोन. मी एकदा फक्त विचारलं होतं की भांग चालते आणि गांजा का नाही, तर त्यावर आई-बाबांना बोलावलं.

तो स्विच ऑफवाला प्लान आमच्याकडे पण आहे. कोणी ठरवलेलं नाही, सगळ्यांना आपोआप माहीत आहे.

कोर्टकचेरी

प्रश्न चांगला होता, उत्तर मिळायला हवं होतं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग वेगळी पडते आणि तिचे नियम राज्यं ठरवतात. तुमच्या सरांना दोन मिनिटं लागली असती.

धरमपेठ_१९७४

अकरावी_ब, तुझं वय बघता तू अभ्यास सोडून इथे काय करतोस? पण प्रतिसाद प्रामाणिक आहे. मनीषनगरच्या ताईंचं वाचलं आणि रात्री नातवाला विचारलं, असं झालं तर कोणाला फोन करशील. म्हणाला, "आबा, तुम्ही उचलत नाही." मी रात्री फोन सायलेंटवर ठेवतो. चिठ्ठ्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

बायोवाली

काका, मत राहू द्या, फोनचं तेवढं बघा.

मी हे ठरवलंय. शनिवारी पालकांना बोलावते आणि त्यांनाही कोरी चिठ्ठी देते, प्रश्न एकच: रात्री अकराला मुलाचा मित्र फोन करून म्हणाला, "काकू, याला काहीतरी होतंय, आम्ही एक गोष्ट खाल्ली," तर तुमचं पहिलं वाक्य काय असेल? ते वाक्य लिहून घेणार. त्याच वाक्याला भिऊन मुलं फोन बंद करतात, असं मला वाटतं. ओपीडी_सोमवार, अर्धा तास याल का? मुलांसमोर नाही, पालकांसमोर.

आणि क्लासच्या दारावर नंबर लावते. रुग्णवाहिका १०८. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन ठीक नसेल तर टेलिमानस १४४१६. चाइल्डलाइन १०९८. विकणाऱ्याची खबर द्यायची तर १९३३.

ओपीडी_सोमवार

सहानंतर ठेवा, येतो. स्लाइड आणणार नाही.

घोटून_दे

मले पण बोलवा ताई. बोलणार नाही, तोंड उघडून दाखवतो फक्त.

अकरावी_ब

मॅडम, दारावर नका लावू. तिथे उभं राहून फोटो काढला तर सगळे विचारतात कोणासाठी. वॉशरूमच्या दाराला आतून लावा.

बायोवाली

दोन्ही वॉशरूमना लावते. आणि १९३३ त्या कागदावर नको, तो वेगळा. नाहीतर सगळाच कागद पोलिसांचा वाटेल.